दादोबा पांडुरंगांचें व्याकरण : एक पुनर्विचार

तर्खडकर हें आडनांव काढलें कीं आमच्या सुशिक्षित घरांतून पहिल्यानें आठवते ती इंग्रजी शिकविणारी भाषांतरपाठमाला. ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. तिच्यावर कित्येक पिढ्यांनीं इंग्रजीचा श्रीगणेशा केला आणि तिचें ऋण कोणी नाकारूं नये. परंतु त्याच आडनांवाचे दुसरे एक गृहस्थ, दादोबा पांडुरंग, ह्यांनीं तिच्या कितीतरी आधीं मराठी मुलांना मराठीच शिकविण्याचा घाट घातला होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतल्या एका ओळीपलीकडे फारशी उरलेली नाहीं. ‘मराठी भाषेचे पाणिनि’ अशी ती ओळ असते. ती पाठ करून आम्ही मोकळे होतों. इंग्रजी शिकविणारा तर्खडकर स्मरणांत राहिला आणि मराठी शिकविणारा विसरला, ह्यांत दोष कोणाला द्यावयाचा? प्रस्तुत लेखक स्वतः अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजीच शिकवीत आला आहे.

दादोबांकडे मी वळलों तें कोणा विद्वानाच्या सांगण्यावरून नव्हे, तर शेजारच्या एका मुलाच्या प्रश्नामुळें. माझें बिऱ्हाड दिघीला, आळंदीहून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यालगत. गांव जुनें, एका अंगाला लष्कराच्या जमिनी, दुसऱ्या अंगाला भोसरीचे कारखाने. ह्या कारखान्यांनीं लातूर, नांदेड, सोलापूर, विदर्भ अशा सगळ्या बाजूंचीं कुटुंबें येथें आणून वसविलीं आहेत. आमच्या जिन्यावर चार दारें आहेत आणि त्यांतून चार तऱ्हांची मराठी ऐकूं येते. लातूरकडच्या एका कुटुंबांतला सातवींतला मुलगा एके संध्याकाळीं वही घेऊन माझ्याकडे आला. निबंधांत त्यानें ‘मी धडा वाचलो’ असें लिहिलें होतें. शाळेंत त्यावर तांबड्या शाईनें रेघ मारून वर ‘वाचला’ असें लिहून दिलें होतें. मुलगा हिरमुसला होता, पण त्यापेक्षां अधिक तो गोंधळला होता. तो म्हणाला, “काका, ‘मी धडा शिकलो’ हे बरोबर. मग ‘मी धडा वाचलो’ हे चूक कसे? धडा तोच, मी पण तोच.”

प्रश्न असा कीं त्यानें अंगावर कांटा यावा. ‘वाचला असेंच म्हणतात’ ह्यापलीकडे मला उत्तर देतां येईना. आणि ‘असेंच म्हणतात’ हें उत्तर खोटेंही होतें, कारण त्या मुलाच्या घरीं तसें कोणीच म्हणत नाहीं. त्या रात्रीं मीं दादोबांचें व्याकरण काढलें, मग मोरो केशव दामल्यांचें. पुढें जें लिहीत आहें तें त्या वाचनाचें फळ आहे.

दादोबांचा जन्म मुंबईंत ९ मे १८१४ रोजीं झाला आणि मृत्यु १७ ऑक्टोबर १८८२ रोजीं. ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ हा त्यांचा ग्रंथ १८३६ सालीं निघाला, तेव्हां त्यांचें वय बावीस वर्षांचें होतें. हें वय लक्षांत ठेवलें पाहिजे. आज ज्या वयांत आमचीं मुलें पदवी घेऊन नोकरीचे अर्ज लिहितात (आणि ते इंग्रजींतच लिहितात), त्या वयांत हा तरुण स्वभाषेला नियम आहेत काय आणि असल्यास कोणते, हें शोधीत बसला होता. त्यापूर्वीं मराठीची व्याकरणें झालीं नव्हतीं असें नाहीं. विल्यम कॅरीचें व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास निघालें; मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं मुंबईस निघाला. परंतु कॅरीचा ग्रंथ इंग्रजींत, आणि ह्या देशांत येणाऱ्या साहेबास मराठी समजावी म्हणून लिहिलेला. ज्याला मराठी येतेच, त्याला आपली भाषा कशी चालते हें दाखविणें हा उद्योग निराळा. दादोबांच्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकर व गंगाधरशास्त्री फडके ह्यांनींही मराठींतून लहान व्याकरणें रचलीं. तेव्हां पहिलेपणाचा मान एकट्या दादोबांच्या गळ्यांत घालण्याचें कारण नाहीं. दादोबांचें वैशिष्ट्य असें कीं ते तेथेंच थांबले नाहींत. पुढल्या आवृत्तींतून ते आपला ग्रंथ वाढवीत व दुरुस्त करीत राहिले, १८६५ सालीं लहान मुलांसाठीं लघुव्याकरण लिहिलें, आणि मृत्यूच्या आदल्या वर्षीं, १८८१ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, त्या व्याकरणाची ‘पूरणिका’ प्रसिद्ध केली. एका प्रश्नाशीं पंचेचाळीस वर्षें इमान राखणारा माणूस हा.

बाकीचें चरित्र थोडक्यांत आटोपतों. एल्फिन्स्टन संस्थेंत अध्यापन, मग सुरतेस शिक्षकी, पुढें मुंबईच्या नॉर्मल स्कूलचें प्रमुखपद, पुढें अहमदनगरास डेप्युटी कलेक्टरी आणि रावबहादुरी. सुरतेस दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनीं १८४४ सालीं मानवधर्मसभा स्थापिली. मुंबईच्या परमहंससभेचे ते प्रवर्तक. धाकटे बंधु आत्माराम हे पुढें प्रार्थनासमाजाचे पहिले अध्यक्ष झाले. दादोबांचें अपुरें राहिलेलें आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनीं १९४७ सालीं संपादून काढलें. ज्याला मराठी गद्याची गोडी आहे त्यानें तें अवश्य वाचावें. येथें आपला संबंध व्याकरणाशीं आहे.

ह्या व्याकरणाचा सांगाडा पाहिला म्हणजे तो दोन घरांच्या लांकडांनीं उभारलेला दिसतो. शब्दांच्या आठ जाती, म्हणजे नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी, ह्या इंग्रजी व्याकरणावरून घेतलेल्या. लिंडले मरे ह्या व्याकरणकाराचा ग्रंथ त्या काळीं सर्वत्र प्रमाण होता व तोच दादोबांपुढें होता. संस्कृत परंपरेंत नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात अशा चारच जाती. उलट विभक्ति मात्र सगळ्या संस्कृतांतून आलेल्या: प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ. मराठीचा स्वतःचा सांगाडा कोणता, हा प्रश्न ह्या दोहोंमध्यें बराच दबून गेला. ‘स, ला, तें’ हें कोष्टक आपण सर्वांनीं लहानपणीं छडीच्या धाकानें घोकलें आहे. त्यांतला ‘तें’ हा प्रत्यय लावून कोणी ‘घरातें’ किंवा ‘मुलातें’ असें बोलल्याचें कोणा वाचकानें ऐकलें आहे काय? जुन्या काव्याबाहेर तो कोठें नाहीं. तरी तो कोष्टकांत आहे, कारण कोष्टकाला तो लागतो. द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय एकच; मग दोन विभक्ति कशाला? संस्कृतांत दोन आहेत म्हणून! आणि जी गोष्ट खरोखर मराठीची, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वीं शब्दाचें जें सामान्यरूप होतें (घोडा–घोड्या, भिंत–भिंती, पाणी–पाण्या), ती कोष्टकाच्या कोपऱ्यांत पडते. परकी माणसें मराठी शिकतांना अडतात तीं ह्या सामान्यरूपापाशीं, प्रत्ययांपाशीं नव्हे.

तेव्हां दादोबांनीं मराठीला दुसऱ्यांचे कपडे चढविले, असा आरोप करतां येतो आणि तो पुष्कळांनीं केलाही आहे. पण तो अर्धाच खरा आहे. मापें घेतांना त्यांनीं उसना फूटपट्टीचा उपयोग केला. तथापि जेथें पट्टी लागू पडत नाहीं तें त्यांना दिसत होतें. ह्याची साक्ष प्रयोगाच्या प्रकरणांत सांपडते, आणि माझ्या शेजारच्या मुलाचा प्रश्नही तेथलाच. म्हणून येथें जरा थांबतों.

‘राम आंबा खातो’ ह्या वाक्यांत क्रियापद रामाच्या मागें जातें. सीता आली कीं ‘खाते’ होतें. ‘रामानें आंबा खाल्ला’ ह्या वाक्यांत तें आंब्याच्या मागें जातें. आंब्याऐवजीं पोळी आली कीं ‘खाल्ली’ होतें, मग खाणारा राम असो वा सीता. ‘रामानें मुलीला मारलें’ ह्यांत तें कोणाच्याच मागें जात नाहीं. कर्तरि, कर्मणि, भावे हीं नांवें संस्कृतांतलीं खरीं, पण हा खेळ मराठींत रोज, प्रत्येक ओट्यावर आणि प्रत्येक चौकांत चालतो. इंग्रजींत असें कांहीं नाहीं. इंग्रजींतल्या ज्या रचनेला आम्ही वर्गांत कर्मणि म्हणून शिकवितों, तींत कर्ता मागें ढकलला जातो. तिचें भाषांतर मुलें ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असें करतात आणि आम्ही त्याला गुण देतों. मराठीच्या कर्मणींत राम आपल्या जागीं, वाक्याच्या अग्रभागीं, ठाम उभा असतो. दोन्ही रचनांना एकच नांव दिल्यानें किती घोटाळा माजला ह्याची गणती नाहीं. हा घोटाळा मीही अठ्ठावीस वर्षें माजविला आहे.

हें रूप आलें कोठून? संस्कृतांतल्या ‘मया ग्रन्थः पठितः’ ह्या रचनेंतून. जुन्या मराठींत ह्या जागीं ‘मियां’, मग ‘म्यां’ असे; दादोबांच्या तरुणपणीं ‘म्यां केलें’ असेंच लिहीत. पुढें ‘म्यां’चें ‘मीं’ झालें. वरच्या टिंबानें तृतीया ओळखूं येई: ‘मी जातों’ पण ‘मीं केलें’. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनीं हीं न उच्चारलीं जाणारीं टिंबें काढून टाकलीं. उच्चारांत तीं नव्हतींच, तेव्हां काढलीं तें योग्य झालें असें माझी बुद्धि सांगते. हात मात्र वडिलांच्या पत्रांवरून उचललेली संवय सोडीत नाहीं, हें वाचकांस दिसतच असेल. पण त्याचा एक परिणाम असा झाला कीं आजच्या मुलाला ‘मी गेलो’ आणि ‘मी केले’ ह्यांतला ‘मी’ एकच दिसतो, आणि ऐकूं तर कित्येक पिढ्या एकच येत आहे. मग ‘मी’ जर कर्ता, तर क्रियापदानें त्याच्या मागें कां जाऊं नये? लातूरकडची बोली नेमकें हेंच करते: ‘मी गेलो’ तसें ‘मी वाचलो’, ‘मी काम केलो’. तिकडे कानडी व तेलुगू ह्यांचा शेजार आहे आणि त्या भाषांत ही कर्मणि रचना नाहीं. त्याचाही हातभार असावा. परंतु शेजार नसतांही हें घडतें. बंगालींत तर हा पालट केव्हांच पुरा झाला. तेथें भूतकाळचें क्रियापद सरळ कर्त्याच्या मागें जातें.

आणि जिला आपण प्रमाण मराठी म्हणतों तीही ह्या बाबतींत अर्ध्या वाटेवरच उभी आहे. ‘तूं पोथी वाचलीस’ ह्यांत ‘वाचली’ पोथीसाठीं आणि ‘स’ तुझ्यासाठीं. एकच क्रियापद दोन धन्यांची चाकरी करतें. व्याकरणकारांनीं ह्याला कर्तृकर्मसंकर असें भारदस्त नांव दिलें. शिवाय ‘मी धडा शिकलों’, ‘मी निरोप विसरलों’, ‘मी दूध प्यालों’ हीं सकर्मक असूनही कर्तरि आहेत. खाणें आणि पिणें ह्यांत असा कोणता भेद आहे कीं आंबा ‘मीं खाल्ला’ आणि दूध ‘मी प्यालों’? ज्या क्रियेचा परिणाम करणाऱ्याच्याच ठिकाणीं उरतो ती कर्तरि राहते, असें म्हणून पाहावें तर ‘खाणें’ आडवें येतें. अशा धातूंची यादी करावी लागते. नियमांत तीं बसत नाहींत. म्हणजे मुलाचा प्रश्न अज्ञानाचा नव्हता. मराठीच्या इमारतींत जेथें खरोखरच तडा आहे, तेथेंच नेमकें त्याचें बोट पडलें होतें.

आतां दादोबांकडे परत येतों. त्यांच्या व्याकरणावर टीका लवकरच सुरू झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं शालापत्रकांतून मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांचीं मतें एकामागून एक तपासलीं. संस्कृताचें ज्ञान कृष्णशास्त्र्यांचें अर्थातच अधिक खोल, आणि त्यांचे कित्येक आक्षेप बिनतोड आहेत. कृष्णशास्त्री गोडबोल्यांनीं १८६७ सालीं स्वतंत्र नवें व्याकरण लिहिलें, रा. भि. गुंजीकरांनीं ह्याच वादांत भर घातली. ह्या सगळ्या चर्चेचा परिपाक म्हणजे मोरो केशव दामल्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. तें १९११ सालीं निघालें. दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधु. त्यांच्या ग्रंथांत पूर्वींच्या प्रत्येक व्याकरणकाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करून उलटतपासणी केलेली आहे, आणि त्या पिंजऱ्यांत सर्वांत अधिक वेळां उभे राहतात ते दादोबा. ज्याचें मत खोडून काढल्याशिवाय पुढें पाऊल टाकतां येत नाहीं, त्याला मी मोठा समजतों. ग्रंथ म्हणून दामल्यांचा सरस आहे, ह्यांत मला संशय नाहीं. मराठीपुरतें एकच व्याकरण घरांत ठेवावयाचें असेल तर दामल्यांचें ठेवावें.

म्हणूनच ‘मराठीचे पाणिनि’ ही पदवी मला दादोबांच्या बाबतींत गैर वाटते. पाणिनीच्या मागें व्याकरणविचाराची मोठी परंपरा होती आणि त्यानें भाषा अशी बांधून टाकली कीं पुढल्यांनीं फक्त त्याच्यावर भाष्यें करावीं. दादोबांच्या मागें कांहीं नव्हतें, आणि त्यांनीं कांहीं बांधून टाकलें नाहीं. त्यांनीं वाद उघडला आणि स्वतःच्या हयातींत तो आपल्या अंगावर घेतला. पाणिनि म्हटल्यानें मात्र त्यांचा ग्रंथ सूत्रांसारखा अपौरुषेय होऊन बसला. त्यांतलें कोष्टक तेवढें शाळांनीं उचललें आणि त्यामागचा प्रश्न टाकून दिला. दादोबांचा दोष असेल तर उसन्या सांच्याचा. सांचा निर्जीव झाल्यावरही शंभर वर्षें तोच घोकविण्याचा दोष आमचा.

ह्याला दुसरी एक बाजू आहे ती सांगितलीच पाहिजे. शाळा चालवावयाच्या आणि पुस्तकें छापावयाचीं तर कोणतें तरी एक रूप धरावेंच लागतें. मेजर कँडीच्या हाताखालीं क्रमिक पुस्तकें तयार झालीं तेव्हां पुण्याकडच्या शिक्षित वर्गाची बोली प्रमाण ठरली. दुसऱ्या कोणत्या भागाची ठरली असती तरी उरलेल्यांवर अन्याय झालाच असता. हा पेंच केवळ आपलाच नव्हे. पश्चिम आफ्रिकेंत नायजेरियामध्यें इग्बो नांवाची कोट्यवधि लोकांची भाषा आहे. तिचें पहिलें छापील बालपुस्तक क्राउथर ह्या धर्मोपदेशकानें १८५७ सालीं काढलें. पुढें डेनिस नांवाच्या मिशनऱ्यानें निरनिराळ्या बोलींची मोट बांधून एक ‘संयुक्त इग्बो’ बनविली आणि तींत १९१३ सालीं बायबल छापलें. ती कोणाच्याच तोंडची भाषा नव्हती. चिनुआ अचेबे ह्या थोर कादंबरीकारानें तिच्यावर जन्मभर राग धरला. मग कोणतीं अक्षरें वापरावीं ह्यावर अनेक वर्षें दोन तट पडून भांडण झालें. तें १९६१ च्या ओन्वू समितीनें कसेंबसें मिटविलें, म्हणजे आमच्या महामंडळाच्या नियमांच्या एक वर्ष आधीं. ह्या भांडणाच्या ऐन धुमश्चक्रींत ओग्बालू नांवाच्या एका शिक्षकानें १९४९ सालीं इग्बो भाषेच्या व संस्कृतीच्या संवर्धनासाठीं संस्था काढली, आणि शाळांना लागणारीं पुस्तकें स्वतः लिहून पुरविलीं. त्या हकीकती वाचतांना मला वारंवार दादोबा आठवले. इंग्रजी शिकलेला, शिक्षकी पेशाचा आणि विलायती सांचा हाताशीं असलेला माणूस आपल्याच लोकांना आपली भाषा शिकवूं पाहतो, तेव्हां त्याच्या पदरीं यश आणि अपयश हीं एकाच गांठोड्यांत पडतात.

गेल्या कांहीं वर्षांत मराठीसाठीं पुष्कळ झालें. २०२० सालीं राज्यांतल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. २०२४ च्या ऑक्टोबरांत अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. दर्जा मिळाला तेव्हां अभिनंदनाच्या सभांतून मीही टाळ्या वाजविल्या. पण सक्तीनें वर्गांत बसविलेल्या मुलापुढें आम्ही काय ठेवणार, हें त्या सभांतून कोणी बोललें नाहीं. कोष्टक ठेवलें तर तो ‘तें’ प्रत्यय घोकील आणि परीक्षेनंतर विसरेल. शिवाय, घरचें बोलणें चुकीचें आहे एवढाच धडा त्याला पक्का आठवेल. माझ्या दृष्टीनें हें नुकसान मोठें आहे, कारण अशा मुलाला इंग्रजीकडे पळण्यास दुसरें निमित्त लागत नाहीं. तेथें निदान सगळ्यांचीच बोली परकी असते.

आषाढीच्या आधीं ज्ञानोबांची पालखी आमच्या दिघीवरून पुण्याकडे जाते. दिंड्या परभणीच्या, बीडच्या, अकोल्याच्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या. पाणी मागणाऱ्यांचे, वाट विचारणाऱ्यांचे शब्द कानांवर पडतात. ‘मी चाललो’ आणि ‘मी भाकर खाल्लो’ एकाच दमांत ऐकूं येतें. सातशें वर्षांपूर्वींचा जो ग्रंथ ते मस्तकीं धरतात, त्यांत ‘मियां’ आहे. त्यांच्या तोंडीं तो उरलेला नाहीं, आणि त्यामुळें ग्रंथावरची त्यांची निष्ठा तिळभर उणी झालेली नाहीं.

त्या मुलाला मीं अखेर काय सांगितलें? परीक्षेंत ‘वाचला’ असेंच लिही, गुण मिळतील, हें आधीं सांगितलें. त्यांत लबाडी करण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मग ‘म्यां’ची गोष्ट सांगितली आणि वहीच्या मागल्या पानावर दोन रकाने आंखून दिले: एकांत ‘वाचला’सारखीं क्रियापदें, दुसऱ्यांत ‘शिकलो’सारखीं. त्याची आई दारांत उभी राहून ऐकत होती. “आमच्याकडे सगळे वाचलोच म्हणतात, सर,” ती म्हणाली, आणि तें म्हणतांना जरा ओशाळली. मीं तिला सांगितलें कीं बंगालींतही तसेंच म्हणतात. दोन दिवसांनीं मुलगा रकाने भरून घेऊन आला. दुसऱ्या रकान्यांत त्यानें विसरलो, प्यालो, बोललो, समजलो हीं लिहिलीं होतीं, आणि खालीं, प्रश्नचिन्ह घालून, एक वाक्य: ‘कुत्रा मला चावला’. कुत्र्यानें कां नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें.